क्रमबदल घंटावादनाचे प्रशिक्षण

क्रमबदल घंटावादन, म्हणजेच चेंज रिंगिंग, ही चर्चच्या मनोऱ्यातील स्वरबद्ध घंटा ठरावीक नियमाने सतत बदलणाऱ्या क्रमांत वाजवण्याची सामूहिक कला आहे. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये तिला आजचे स्वरूप आले. या वादनात प्रत्येक घंटेसाठी एक वादक व एक दोर असतो. धून वाजवली जात नाही. घंटांचे क्रम एकापाठोपाठ एक बदलत जातात आणि पूर्ण वादनात कोणताही क्रम पुन्हा येऊ नये अशी अट असते. ही कला वाचून किंवा एकट्याने शिकता येत नाही. त्यामुळे शनिवार-रविवारी भरणारे गटवर्ग हा तिच्या प्राथमिक शिक्षणाचा एक प्रचलित मार्ग आहे.

महाराष्ट्रात पुण्याचे पवित्र नाम कॅथेड्रल आणि मुंबईच्या कुलाबा भागातील अफगाण चर्च येथे इंग्लंडमध्ये ओतलेल्या घंटांचे आठ-आठचे संच आहेत. या वादनामागील गणिताचे मराठवाड्याशीही नाते जोडता येते. सात स्वरांचे ५,०४० क्रम कसे मांडावेत याचा विचार तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने लिहिल्या गेलेल्या ‘संगीतरत्नाकर’ या ग्रंथात आढळतो.

घंटा वाजवण्याच्या पद्धती

घंटा वाजवण्याच्या पद्धतीनुसार वादकाला लागणारे शिक्षण बदलते. हिंदू मंदिरातील घंटा स्थिर टांगलेली असते. तिच्या आत लोंबणारा लोलक हाताने किंवा साखळीने हलवला की नाद निघतो. अंबड येथील मत्स्योदरी देवीच्या मंदिरात काय किंवा अन्य कोणत्याही देवळात काय, दर्शनाला आलेला भाविक कोणत्याही शिक्षणाविना घंटा वाजवतो. तो नाद एकट्याचा असतो आणि त्याला दुसऱ्या घंटेशी मेळ साधावा लागत नाही.

गोवा, वसई व मुंबई परिसरातील कॅथलिक चर्चमध्ये घंटेचा उपयोग मुख्यतः वेळ व वार्ता कळवण्यासाठी होतो. सकाळ, दुपार व सायंकाळची एंजेलस प्रार्थना, मिस्सा, विवाह आणि मृत्यू या प्रसंगी ठोक्यांची संख्या व लय वेगवेगळी असते. ती ओळखण्याचे ज्ञान गावात परंपरेने चालत येते. युरोपातील काही देशांत कॅरिलन नावाचे वाद्य आहे. त्यात एकच वादक कळपट्टीच्या आधारे अनेक स्थिर घंटांवर धून वाजवतो.

इंग्रजी क्रमबदल पद्धत या सर्वांहून वेगळी आहे. तिच्यात लोलक हलवला जात नाही, संपूर्ण घंटाच चाकाबरोबर जवळजवळ पूर्ण वर्तुळात फिरवली जाते. काही क्विंटल वजनाची फिरती वस्तू दोराने ताब्यात ठेवणे हे या वादनातील पहिले कौशल्य आहे. बाकीच्या वादकांबरोबर अचूक वेळी ठोका पाडणे हे दुसरे. प्राथमिक वर्गातील जवळजवळ सर्व वेळ या दोन कौशल्यांसाठी दिला जातो.

घंटेची रचना

क्रमबदल वादनाच्या घंटा कांशाच्या असतात. या मिश्रधातूत तांबे सुमारे तीन चतुर्थांशाहून थोडे अधिक आणि उरलेले कथील असते. घंटा एका भक्कम आडव्या तुळईला जोडलेली असते. तुळईची दोन्ही टोके धारव्यांवर फिरतात. तुळईच्या एका बाजूस मोठे चाक असते. त्याच्या कडेवरून निघालेला दोर मजल्यांना पाडलेल्या छिद्रांतून खाली वादनकक्षात उतरतो. वादक खाली वर्तुळाकार उभे असतात. वादनाच्या वेळी त्यांना घंटा दिसत नाहीत, केवळ दोर दिसतात.

दोराच्या मधल्या भागावर रंगीत लोकरीचे जाड, मऊ आवरण विणलेले असते. त्याला सॅली म्हणतात. दोराचे मोकळे टोक दुमडून पकडण्यास सोयीचे केलेले असते. तुळईवर एक लाकडी दांडा उभा बसवतात. त्याला स्टे म्हणतात. घंटेचे तोंड वर असताना ती समतोल बिंदूच्या किंचित पलीकडे गेली की हा दांडा खालच्या सरकत्या पट्टीला टेकतो आणि घंटा त्या अवस्थेत विसावते. स्टे मुद्दाम मोडता येईल इतका बारीक ठेवलेला असतो. अतिजोराने ओढ बसल्यास तो मोडतो आणि चौकटीचे मोठे नुकसान टळते.

वादन सुरू करण्यापूर्वी घंटा ‘वर घ्यावी’ लागते. प्रथम ती तोंड खाली ठेवून लोंबत असते. दोराच्या लयबद्ध ओढींनी तिचा झोका हळूहळू वाढवत नेतात आणि शेवटी ती तोंड वर करून समतोलावर उभी राहते. यानंतरच्या प्रत्येक ओढीला घंटा एका बाजूने खाली येऊन दुसऱ्या बाजूने पुन्हा वर जाते आणि लोलक एकदाच आदळतो. वादन संपल्यावर उलट क्रमाने झोका कमी करत घंटा ‘खाली आणतात’.

संचातील सर्वांत लहान व उंच स्वराच्या घंटेला ट्रेबल आणि सर्वांत मोठ्या व खर्जातील घंटेला टेनर म्हणतात. आठ घंटांचा संच पाश्चात्त्य मेजर स्वरसप्तकात लावलेला असतो. हे सप्तक हिंदुस्थानी संगीतातील बिलावल थाटाशी जुळते. पहिल्यापासून आठव्यापर्यंतच्या घंटा क्रमाने वाजल्या म्हणजे सां, नी, ध, प, म, ग, रे, सा असा अवरोह ऐकू येतो. या मूळ क्रमाला राउंड्स म्हणतात. प्रत्येक वादनाचा आरंभ व शेवट याच क्रमाने होतो.

गटवर्गाचे स्वरूप

घंटा एकट्याने सुरक्षितपणे हाताळता येण्यासाठी नवशिक्याला साधारणपणे दहा ते पंधरा तासांचा प्रत्यक्ष सराव लागतो. आठवड्यातून थोडा वेळ सराव केल्यास यास काही महिने जातात आणि दोन सरावांच्या मधल्या काळात हाताची सवय मोडते. शनिवार-रविवारच्या सलग वर्गात हा वेळ एकत्र मिळतो, म्हणून ही पद्धत रूढ झाली. वर्गात विद्यार्थी गटाने असले तरी दोरावर शिकणाऱ्या प्रत्येकासोबत एक अनुभवी शिक्षक उभा असतो. ज्यांची पाळी नाही ते इतरांचे हात पाहतात, ठोके मोजतात किंवा क्रमांचे लेखी पाठ करतात.

सलग सरावाचा आवाज आसपासच्या रहिवाशांना त्रासदायक होऊ शकतो. त्यामुळे लोलक बांधून घंटेचा आवाज बंद करतात. अनेक मनोऱ्यांत चाकाजवळ संवेदक बसवलेला असतो आणि संगणकाच्या साहाय्याने घंटेचा नाद केवळ वादनकक्षात ऐकवला जातो. या सोयीमुळे विद्यार्थ्याला आपली चूक ऐकू येते, गावाला मात्र येत नाही.

पहिला टप्पा: दोर हाताळणे

वर्गाची सुरुवात मनोऱ्यात वर जाऊन स्थिर घंटा पाहण्याने होते. दोर ओढल्यावर वर काय घडते हे एकदा पाहिल्याशिवाय खालच्या हालचालींचा अर्थ लागत नाही. त्यानंतर दोराच्या दोन ओढी वेगवेगळ्या शिकवल्या जातात.

हँडस्ट्रोक या ओढीत वादक दोन्ही हातांनी सॅली धरून खाली ओढतो आणि योग्य क्षणी ती सोडून देतो. दोराचे टोक हातातच राहते. घंटा फिरताना दोर चाकावर गुंडाळला जातो आणि टोक धरलेले हात डोक्यावर जातात. बॅकस्ट्रोक या ओढीत तेच टोक वरून खाली ओढले जाते. घंटा उलट दिशेने फिरते आणि वर येणारी सॅली वादक पुन्हा पकडतो. सामान्यतः विद्यार्थ्याला आधी बॅकस्ट्रोक करू देतात आणि हँडस्ट्रोक शिक्षक सांभाळतो. नंतर कामे बदलतात आणि शेवटी दोन्ही ओढी विद्यार्थ्याकडे येतात.

नवशिक्यांच्या चुका बहुधा ठरलेल्या असतात. सॅली उशिरा सोडली तर दोर हात वर खेचतो. ती लवकर सोडली तर ओढ अपुरी पडते आणि घंटा समतोलापर्यंत पोहोचत नाही. दोर सरळ खाली न ओढता अंगाकडे ओढला तर त्याला लाटा येतात. बहुतेक विद्यार्थी आवश्यकतेपेक्षा अधिक जोर लावतात. प्रत्यक्षात घंटेचे वजन धारव्यांवर तोललेले असते आणि झोक्याला लागणारी शक्ती मुख्यतः गुरुत्वाकर्षण पुरवते. म्हणून शरीरयष्टीपेक्षा वेळेचे भान महत्त्वाचे ठरते, आणि शाळकरी मुले तसेच वयस्क व्यक्तीही हे वादन शिकतात.

दुसरा टप्पा: गटात वाजवणे

दोन्ही ओढी जमल्यावर विद्यार्थ्याला अनुभवी वादकांच्या मध्ये उभे केले जाते. आतापर्यंत त्याचे लक्ष स्वतःच्या हातांकडे असते. आता ते इतरांच्या दोरांकडे वळवावे लागते. आपल्या आधीच्या घंटेचा दोर खाली येताना पाहून स्वतःची ओढ सुरू करण्याच्या या क्षमतेला वादक रोपसाइट म्हणतात. मराठीत तिला दोरदृष्टी म्हणता येईल.

दृष्टीइतकेच कानालाही वळण लावावे लागते. ओढ आणि ठोका यांच्यामध्ये क्षणभराचे अंतर असते आणि ते घंटेच्या आकाराप्रमाणे बदलते. मोठ्या घंटेच्या वादकाला ओढ थोडी आधी सुरू करावी लागते. आठ घंटांच्या एका क्रमाला साधारण दोन सेकंद लागतात. तेवढ्या वेळात आठ ठोके समान अंतराने पडले तरच वादन सुरेख मानले जाते. पुण्यात गणेशोत्सवापूर्वी ढोल-ताशा पथके अनेक आठवडे सराव करतात, तेव्हा एका ढोलाचा चुकलेला ठोका साऱ्या पथकाला जाणवतो. घंटावादकांच्या पथकातही तसेच होते. फरक असा की, ढोल वाजवणारा चूक त्याच क्षणी सुधारू शकतो. फिरत्या घंटेची चूक मात्र पुढच्या ओढीपर्यंत सुधारता येत नाही.

पथकातील सूचना ठरावीक इंग्रजी शब्दांत दिल्या जातात. ट्रेबलचा वादक ‘लुक टू’ म्हणतो तेव्हा सर्वांनी दोर हाती घ्यायचा असतो. ‘ट्रेबल्स गोइंग’ म्हणजे पहिली घंटा निघते आहे आणि ‘शीज गॉन’ म्हणजे ती निघाली. ‘स्टँड’ ही सूचना मिळताच प्रत्येकाने आपली घंटा समतोलावर उभी करायची असते. दोन दिवसांच्या शेवटी गटाने काही मिनिटे राउंड्स वाजवून नीट थांबणे हे बहुतेक वर्गांचे व्यवहार्य उद्दिष्ट असते.

सुरक्षिततेचे नियम

तोंड वर करून ठेवलेली घंटा धोकादायक असते. तिच्या दोराला सहज हात लावला तरी ती सुटू शकते. म्हणून आलेल्या पाहुण्यांना आणि लहान मुलांना सर्वप्रथम दोराला स्पर्श न करण्याची सूचना दिली जाते. वादक ओढणी, सैल बाह्या व लोंबणारे दागिने टाळतात. दोराच्या टोकाचा फास पायात अडकणार नाही याची काळजी घेतात. दोन्ही पाय जमिनीवर टेकलेले असावेत व नजर समोर असावी असा दंडक आहे.

सर्वांत अवघड नियम दोर सोडण्याचा आहे. स्टे मोडल्यास घंटा थांबत नाही, ती फिरतच राहते आणि दोर वेगाने वर जातो. अशा वेळी मनुष्य स्वभावतः दोर अधिक घट्ट धरतो आणि वर खेचला जाऊन जखमी होऊ शकतो. ताबा सुटताच दोर सोडून भिंतीकडे सरकणे हाच योग्य उपाय आहे. धरण्याची शिकवण देणाऱ्या या वर्गात सोडण्याचा सराव म्हणूनच पहिल्याच तासाला करून घेतात.

क्रमांचे गणित

घंटा हाताळता येऊ लागल्यावर क्रमांचा अभ्यास सुरू होतो. जड घंटेचा वेग फारसा बदलता येत नाही. समतोलावर ती क्षणभर रोखून धरली तर ठोका थोडा उशिरा पडतो. समतोलापूर्वीच परतवली तर थोडा लवकर पडतो. त्यामुळे एका क्रमातून पुढच्या क्रमात जाताना प्रत्येक घंटा फार तर एक स्थान पुढे किंवा मागे सरकू शकते. वादनाचा हा मूलभूत नियम घंटेच्या वजनातून आलेला आहे.

नवशिक्यांना प्रथम कॉल चेंजेस शिकवतात. यात संचालक आवाज देऊन शेजारच्या दोन घंटांची अदलाबदल करवतो. त्यानंतर प्लेन हंट ही रचना येते. तिच्यात सूचना नसतात आणि प्रत्येकाला आपला मार्ग पाठ असावा लागतो. चार घंटांवरील प्लेन हंट पुढीलप्रमाणे असते:

१ २ ३ ४
२ १ ४ ३
२ ४ १ ३
४ २ ३ १
४ ३ २ १
३ ४ १ २
३ १ ४ २
१ ३ २ ४
१ २ ३ ४

यात पहिली घंटा एकेक स्थान मागे सरकत शेवटपर्यंत जाते, तेथे दोनदा वाजते आणि तशीच पुढे परतते. इतर घंटाही याच मार्गाने, परंतु वेगवेगळ्या वेळी जातात. आठ वेगळे क्रम झाल्यावर मूळ क्रम परत येतो. चार घंटांचे एकूण २४ क्रम संभवतात. उरलेले १६ क्रम मिळवण्यासाठी मार्गात नेमक्या जागी बदल करावे लागतात. अशा बदलांच्या नियमबद्ध रचनेला मेथड म्हणतात. प्लेन बॉब, ग्रँडसायर व स्टेडमन या प्रसिद्ध मेथड आहेत. वादक क्रमांचे आकडे पाठ करत नाहीत. आपल्या घंटेचा मार्ग दाखवणारी रेषा लक्षात ठेवतात.

घंटांची संख्या वाढते तशी शक्य क्रमांची संख्या झपाट्याने वाढते. पाच घंटांचे १२०, सहांचे ७२०, सातांचे ५,०४० आणि आठांचे ४०,३२० क्रम होतात. बारा घंटांच्या क्रमांची संख्या ४७,९०,०१,६०० आहे. ते सर्व वाजवण्यास तीस वर्षांहून अधिक काळ लागेल. सात घंटांचे सर्व ५,०४० क्रम वाजवण्यास सुमारे तीन तास लागतात. सुमारे एवढ्या लांबीच्या अखंड वादनाला पील म्हणतात आणि ते वादकाच्या कौशल्याचे प्रमुख मान समजले जाते.

शार्ङ्गदेवाचा स्वरप्रस्तार

क्रमांचा असाच विचार भारतीय संगीतशास्त्रात आधीच झालेला होता. शार्ङ्गदेव हा देवगिरीचा यादव राजा सिंघण याच्या आश्रयास होता. त्याने ‘संगीतरत्नाकर’ या ग्रंथाच्या स्वरगताध्यायात स्वरांच्या प्रस्ताराचे विवेचन केले आहे. सात स्वर एकेकदा घेऊन होणाऱ्या रचनांची संख्या तेथेही ५,०४० येते. दिलेला क्रम यादीत कितवा आहे हे काढण्याच्या रीतीला उद्दिष्ट, आणि यादीतील दिलेल्या क्रमांकाची रचना शोधण्याच्या रीतीला नष्ट म्हणतात. त्यासाठी खंडमेरू नावाचे कोष्टक वापरले जाते.

दोन्ही परंपरांची संख्या एक असली तरी हेतू भिन्न आहेत. प्रस्तारात एका रचनेनंतर दुसरी कोणती लिहावी हे ठरवताना स्वर कितीही दूर सरकू शकतो, कारण गळ्याला किंवा लेखणीला घंटेच्या वजनाचा अडथळा नसतो. क्रमबदल वादनात मात्र एका वेळी एकच स्थान सरकण्याची मुभा असल्याने सर्व क्रम एकाच अखंड मार्गात ओवणे हा स्वतंत्र प्रश्न ठरतो. दोन परंपरांमध्ये देवाणघेवाण झाल्याचा दाखला नाही. मराठी विद्यार्थ्याला क्रमपर्यायांची कल्पना समजावताना मात्र स्वरप्रस्ताराचे उदाहरण अधिक जवळचे ठरते.

इतिहास

सोळाव्या-सतराव्या शतकात इंग्लंडमधील घंटा पूर्ण चाकावर बसवल्या जाऊ लागल्या आणि ठोक्याची वेळ वादकाच्या ताब्यात आली. या विषयावरील ‘टिंटिनॅलोजिया’ हे पुस्तक १६६८ मध्ये प्रसिद्ध झाले. फेबियन स्टेडमन याचे ‘कॅम्पनॅलोजिया’ १६७७ मध्ये आले. २ मे १७१५ रोजी नॉरिच येथील सेंट पीटर मँक्रॉफ्ट चर्चमध्ये ५,०४० क्रमांचा पील वाजवण्यात आला. नोंद असलेला तो पहिला पूर्ण पील मानला जातो.

आठ घंटांचे सर्व ४०,३२० क्रम १७६१ मध्ये केंट परगण्यातील लीड्स या गावी वादकांनी पाळीपाळीने वाजवले. त्यास सुमारे २७ तास लागले. जुलै १९६३ मध्ये लफबरो येथील टेलर घंटा कारखान्याच्या मनोऱ्यात आठ वादकांनी जागा न बदलता हेच वादन सुमारे १८ तासांत पूर्ण केले.

१८९१ मध्ये घंटावादकांची मध्यवर्ती परिषद स्थापन झाली. सुरुवातीस हे क्षेत्र जवळजवळ पूर्णपणे पुरुषांचे होते. १९१२ मध्ये स्त्री वादकांची स्वतंत्र संघटना निघाली. दुसऱ्या महायुद्धात जून १९४० पासून ब्रिटनमधील चर्चच्या घंटा केवळ शत्रूच्या स्वारीची सूचना देण्यासाठी राखून ठेवण्यात आल्या. नोव्हेंबर १९४२ मध्ये एल अलामेनच्या विजयानिमित्त त्या पुन्हा वाजल्या. पहिल्या महायुद्धात सुमारे १,४०० घंटावादक मृत्यू पावले होते. युद्धसमाप्तीच्या शताब्दीनिमित्त २०१८ मध्ये तितकेच नवे वादक तयार करण्याची मोहीम ब्रिटनमध्ये राबवण्यात आली. अलीकडे घंटावादन शिक्षकांच्या संघटनेने पाच पायऱ्यांचा अभ्यासक्रम तयार केला असून पहिल्या पायरीत केवळ घंटा हाताळण्याचे कौशल्य तपासले जाते.

महाराष्ट्र व गोव्यातील चर्चच्या घंटा

पुणे: गुरुवार पेठेतील पवित्र नाम कॅथेड्रल हे पंचहौद मिशन या नावाने परिचित आहे. चर्चची इमारत १८८५ मध्ये उभी राहिली. याच मिशनच्या आवारात १८९० मध्ये झालेल्या चहापानावरून पुण्यात ‘चहा ग्रामण्य’ उद्भवले आणि लोकमान्य टिळक, न्यायमूर्ती रानडे आदींना धर्मशास्त्रीय वादाला तोंड द्यावे लागले. चर्चशेजारचा उंच घंटामनोरा मुख्य इमारतीपासून वेगळा आहे. त्यातील आठ घंटा लफबरोच्या टेलर कारखान्यात ओतलेल्या असून त्या १८९० च्या दशकातील आहेत. हे चर्च पुढे उत्तर भारतीय चर्चच्या पुणे धर्मप्रांताचे कॅथेड्रल झाले. येथील उपासनेत मराठीला महत्त्वाचे स्थान आहे.

मुंबई: कुलाबा येथील सेंट जॉन चर्च पहिल्या अफगाण युद्धातील मृत सैनिकांच्या स्मरणार्थ बांधले गेले, म्हणून ते अफगाण चर्च म्हणून ओळखले जाते. त्याचे उद्घाटन १८५८ मध्ये झाले व शिखर १८६५ मध्ये पूर्ण झाले. येथील आठ घंटाही टेलर कारखान्याच्या असून त्या १९०४ मध्ये आणण्यात आल्या. मुंबई विद्यापीठाच्या राजाबाई मनोऱ्याच्या घंटा मात्र घड्याळाशी जोडलेल्या आहेत. त्या यंत्राने वाजतात, त्यामुळे तेथे दोर ओढणाऱ्या वादकांचे पथक लागत नाही.

वसई: १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी वसई जिंकली. त्यानंतर त्या भागातील पोर्तुगीज चर्चच्या अनेक घंटा महाराष्ट्रातील देवळांत गेल्या. भीमाशंकर, नाशिकचे नारोशंकर मंदिर आणि वाईजवळील मेणवली येथील घंटा विशेष प्रसिद्ध आहेत. मेणवलीच्या घंटेवर बाळ येशूसह मरियेची आकृती आहे. मनोऱ्यातून उतरवलेली घंटा देवळात स्थिर टांगली गेल्यावर तिची वादनपद्धती बदलली. घंटा तीच राहिली, परंतु मनोऱ्यातील वादकाची जागा भाविकाच्या हाताने घेतली.

गोवा: जुन्या गोव्यातील से कॅथेड्रलची ‘सोन्याची घंटा’ १६५२ मध्ये कुंकळ्ळी येथे ओतली गेली. पणजीच्या आवर लेडी ऑफ द इमॅक्युलेट कन्सेप्शन चर्चमधील मोठी घंटा मूळची जुन्या गोव्यातील ऑगस्टिनियन मठाची आहे. मधल्या काळात ती आग्वादच्या दीपगृहात होती आणि १८७१ मध्ये पणजीला आली. या घंटा पोर्तुगीज परंपरेतील असून त्यांचा क्रमबदल वादनाशी संबंध नाही.

कौशल्याचे जतन

कांशाची घंटा योग्य निगा राखल्यास शतकानुशतके टिकते. दोर, धारवे, स्टे व लाकडी चाके मात्र वारंवार दुरुस्त करावी लागतात. नैसर्गिक धाग्याचा दोर दमट हवेत आखडतो. त्यामुळे पावसाळ्यात त्याची लांबी पुन्हा जुळवून घ्यावी लागते. चौकट सैल झाली की घंटेचा झोका मनोऱ्यालाही हादरे देतो. अशा स्थितीत घंटा फिरवणे थांबवून हातोड्याने किंवा लोलक ओढून नाद काढला जातो. नाद चालू राहतो, परंतु घंटा फिरवण्याचे कौशल्य वापरातून जाते.

कौशल्याचे आयुष्य घंटेच्या तुलनेत फारच अल्प असते. आठ घंटांच्या संचाला किमान आठ प्रशिक्षित वादक लागतात आणि त्यांपैकी दोघे-तिघे गाव सोडून गेले तरी पूर्ण संच वाजवता येत नाही. पथक एकदा मोडले की नव्यांना शिकवणारे त्या ठिकाणी उरत नाहीत आणि शिक्षक बाहेरून आणावे लागतात. गटवर्गांचे महत्त्व येथे आहे. ते एकाच वेळी अनेक नवशिके तयार करतात आणि त्यांना परस्परांबरोबर वाजवण्याची सवय लावतात. दोन दिवसांत मिळालेले कौशल्य नियमित साप्ताहिक सरावाविना टिकत नाही, ही या पद्धतीची मर्यादा आहे. म्हणून वर्गानंतर विद्यार्थ्याला जवळच्या मनोऱ्यातील पथकाशी जोडून देणे हा शिक्षणाचाच भाग मानतात.

ज्या गावांत फिरत्या घंटांचा मनोरा नाही तेथे हातघंटांच्या साहाय्याने क्रमांचा अभ्यास करता येतो. एकेक वादक दोन्ही हातांत एकेक घंटा घेतो. त्यामुळे आठ घंटांसाठी चार जण पुरतात. हातघंटेवर दोर हाताळण्याचे शिक्षण मिळत नाही. तथापि मेथडचे मार्ग, लय आणि एकमेकांचे ऐकून वाजवण्याची सवय यांचा पाया त्यावर घालता येतो. शाळांमध्ये क्रमपर्याय शिकवतानाही या साधनाचा उपयोग होऊ शकतो. तीन विद्यार्थी व तीन वेगळ्या स्वरांच्या घंटा असल्या तरी १२३, २१३, २३१, ३२१, ३१२, १३२ हे सहाही क्रम एका मिनिटाच्या आत वाजवून दाखवता येतात.

हे सुद्धा पहा

पवित्र नाम कॅथेड्रल, पुणे
अफगाण चर्च, मुंबई
वसईची मोहीम
संगीतरत्नाकर
क्रमपर्याय